खिशात मीठ बाळगणारा पेत्रो

वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. सुरतेत लिंबायतला पत्र्याची एक खोली, तीत आम्ही पाच माणसं. वडिलांची पाळी बारा तासांची, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. लूमच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते. घरी आले की साधं ‘पाणी दे’सुद्धा ओरडून म्हणायचे. नव्या शेजाऱ्यांना वाटायचं, या खान्देशी लोकांकडे रोज भांडण. आई दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवायची. त्या गोंदाचा वास भाकरीलाही यायचा. पावसाळ्यात खाडीचं पाणी आत शिरलं की आधी साड्यांचे गठ्ठे फळीवर चढायचे, मग आम्ही. साडी भिजली तर भरून द्यावी लागायची.

अशा घरातून मी बी.एस्सी. झालो. आमच्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी अजूनही सांगतो, आणि कुणाला फुशारकी वाटली तर वाटू दे. पण पदवी घेऊन दोन वर्षं मी कापड मार्केटात पार्सलं शिवत होतो. हमाल म्हणायचे, “ग्रॅज्युएट आला, त्याला मोठी सुई द्या.”

मग त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात पांडेसऱ्याच्या एका शेठने इटलीहून नव्या जातीचे लूम मागवले. ते बसवायला तिकडचा माणूस येणार होता आणि त्याचं बोलणं कामगारांना सांगायला इंग्रजी येणारा पोरगा हवा होता. शेठ म्हणाले, “अंग्रेजी आती है? बोल के दिखा.” मी न्यूटनचे नियम म्हणून दाखवले. तिसऱ्या नियमाला शेठनी हात वर केला. “बस बस, चालशे.”

तो माणूस म्हणजे पेत्रो.

पन्नाशी ओलांडलेला, बुटका, रुंद खांद्यांचा. मिशी पांढरी, कान मोठे, तळहात फावड्यासारखे. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं निघालं आणि पहिल्याच दिवशी माझी भीती गेली. शेडमध्ये आल्या आल्या त्याने खोकी पाहिली नाहीत, मशीन पाहिली नाहीत. मला विचारलं, “इथून डोंगर कुठल्या बाजूला?”

मी म्हटलं, “सुरतेत डोंगर नाही.”

“मग इथली माणसं वाट चुकल्यावर बघतात कशाकडे?”

मी म्हटलं, “रिक्षावाल्याला विचारतात.”

रिक्षात तो कधी बसला नाही. उधन्याच्या गेस्ट हाउसपासून पांडेसऱ्यापर्यंत रोज चालत यायचा. रिक्षावाले शेजारून हळूहळू गाडी चालवत “साहेब, साहेब” करत राहायचे, आणि हा आपला समोर बघत, एका लयीत, शेतातून चालल्यासारखा. त्याच्या पँटच्या उजव्या खिशात नेहमी खडे मीठ असायचं. रस्त्यात गाय दिसली की थांबायचा, तळहातावर मीठ घ्यायचा आणि पुढे धरायचा. गाय तळहात चाटून संपवेपर्यंत हलायचा नाही. कोपऱ्यावरच्या गुजराती माजींनी हे रोज पाहिलं आणि एक दिवस त्याला हात जोडले. मला म्हणाल्या, “भाई, आ माणस गया जनममां हिंदू हशे.” मी पेत्रोला सांगितलं. तो म्हणाला, “त्यांना सांग, मी या जन्मात गुराखी आहे. लूम नंतर शिकलो.”

लूमशीही तो गुरांसारखाच वागायचा. मशीन अडलं की कामगार ठोकायला धावायचे. हा त्यांना बाजूला करायचा, मशीनच्या अंगावर हात ठेवून उभा राहायचा, ऐकायचा. “पियानो, पियानो,” म्हणायचा. म्हणजे हळू, हळू. कामगारांनी त्याचं नावच पियानोशेठ पाडलं. पण त्याला रागही भयंकर होता. एकाने खिळा काढायचा कंटाळा करून खोक्याची फळी फोडली तर त्याने पाना जमिनीवर आपटला.

वडिलांना तो आवडला नाही. या नव्या लूमवर एक माणूस आठ यंत्रं सांभाळणार, हे लिंबायतभर पसरलं होतं. वडील ओरडून म्हणाले, “तुना तो इटलीवाला आम्हना पोटवर मशीन बसाडी ऱ्हायना, आनि तू त्याना पोपट.” हे मी पेत्रोला सांगितलं, गाळून नाही, जसंच्या तसं. तो बराच वेळ कापडाच्या चिंधीने हात पुसत राहिला. मग म्हणाला, “बरोबर बोलले. आमच्या खोऱ्यातली गिरणी अशीच गेली. तुझ्या वडिलांना भेटायला येऊ का?”

रविवारी तो आला. आईची तारांबळ उडाली. तो दारातच बूट काढून, पिशवीतून दुसरे जोडे काढून घालायला लागला. कापडाचे, काळे, मऊ. आई जोड्यांकडे बघत राहिली. मग तिने ते सरळ हातात घेतले, तळवा उलटा केला. जुन्या कापडाचे थरावर थर ठेवून दोऱ्याने घट्ट शिवलेला तळवा. एका जोड्याची शिवण उसवली होती.

“हाई ते पायमानी गोधडी शे,” आई म्हणाली.

मी सांगितलं. पेत्रो म्हणाला, “आमच्याकडे बायका हिवाळ्यात हेच करतात. चिंध्या टाकायच्या नाहीत. बर्फात लाकडी जिन्यावर पाय घसरत नाही.” हे जोडे बायकोने शिवलेले, हेही म्हणाला. आईने मोठी सुई काढली. त्याने पटकन हात पुढे केला, जोडा परत घ्यायला, आणि मग तसाच थांबला. आईने तिथेच बसून तळवा शिवला. तो त्या सुईकडे बघत बसला होता. वडिलांनी त्याला ओरडून विचारलं, “पोरंबाळं कितला शेतस?” मी विचारलं. त्याने मान हलवली. नाहीत. तो निघाला तेव्हा वडील त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला गेले.

फिटिंगच्या टोळीत एक दिगंबर म्हणून हेल्पर होता. लातूरकडचा, औसा तालुक्यातला. वयाने माझ्याएवढाच. आदल्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं होतं. बायको मुक्ता गावी, त्याच्या आईपाशी. कारण इथे तो आठजणांच्या खोलीत पाळीने झोपायचा. दसऱ्यानंतर खोली बघतो आणि तिला आणतो, हे त्याने टोळीतल्या प्रत्येकाला सांगून झालं होतं. पेत्रोला तो फार आवडायचा, कारण काम करताना तोंड बंद ठेवायचा.

पेत्रोला डोंगर हवाच होता. शेवटी दिगंबरला आणि मला घेऊन तो सोनगडच्या किल्ल्यावर निघाला. पावसाळा संपत आला होता. सकाळच्या भुसावळ पॅसेंजरने गेलो. गाडीत आमचेच खान्देशी लोक, नंदुरबारकडे निघालेले, गोऱ्या माणसाकडे टक लावून. पेत्रो त्यांच्याकडे बघत म्हणाला, आमच्या गावचे पुरुष पूर्वी हिवाळा लागला की असेच निघायचे. पाठीवर लाकडी कप्प्यांची पेटी, तीत कापड, मसाले, सुया. परक्या मुलखात विकत फिरायचे आणि गवत कापायच्या दिवसांत परत यायचे. गावात सहा महिने नुसत्या बायका. “तुम्ही पोटासाठी ट्रेनने खाली उतरता. आम्ही पायी उतरायचो. बाकी सारखंच.”

पायथ्याशी त्याने आम्हाला नियम सांगितला. चढताना बोलायचं नाही. सगळ्यांत म्हातारा पुढे, बाकीच्यांनी त्याच्या चालीने चालायचं. मी दोनदा पुढे गेलो, दोन्ही वेळा त्याने काठी आडवी केली. वर पोचल्यावर म्हणाला, “हा डोंगर नाही. डोंगराचं पिल्लू आहे.” पण टोपी काढून उभा राहिला. खाली उकाईचं पाणी पसरलेलं होतं.

तिथे बसून तो पहिल्यांदा भरभरून बोलला. उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणात न्यायची, थंडी आली की गळ्यात घंटा आणि शिंगांना फुलं बांधून वाजतगाजत खाली आणायची. वर्षातून एकदा लाकडी मुखवटे घालायचे, काही सुंदर, काही भेसूर. तोंड दिसेपर्यंत कोण आहे ते ओळखायचं नाही. आणि हिवाळ्यातल्या एका सणाला पोरं गावावरच्या कड्यावर आग पेटवायची. लाकडाच्या चकत्या, मधे भोक, काठीला अडकवून निखाऱ्यासारख्या लाल करायच्या, आणि एकेक चकती अंधारात दरीकडे भिरकावायची. प्रत्येक चकतीला एक नाव हाक मारून. “मी परदेशात असलो की माझे मेहुणे माझ्या नावाची टाकायचे. बायको खाली खिडकीत उभी राहून ऐकायची.”

दिगंबरने मला विचारलं, “बायको काय करती ह्यांची आता?”

मी विचारलं. पेत्रोने सांगितलं, दगड मोजल्यासारखं. शहात्तर सालच्या मे महिन्यात तिकडे भूकंप झाला. हा तेव्हा इजिप्तमध्ये लूम बसवत होता. घर आजोबांच्या हातचं, दगडी. हा पोचला तोवर शेजाऱ्यांनी तिला काढून पुरलंही होतं. “मी एकही दगड उचलला नाही,” तो म्हणाला. त्यानंतर तो गावी राहिला नाही. एका देशातलं काम संपलं की दुसऱ्या देशातलं घ्यायचा.

दिगंबर पेरू खात होता. उरलेला अर्धा त्याने पेत्रोच्या हातात ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अनंत चतुर्दशी आली. दुसऱ्या दिवशी आम्ही कामावर गेलो तेव्हा विसर्जनाचा गुलाल रस्त्यावर तसाच होता. ऑफिसातल्या टीव्हीवर भूकंपाची बातमी होती, लातूर, उस्मानाबाद अशी नावं येत होती. दिगंबर दारात उभा राहून ऐकत होता. आत ये म्हटलं तरी येईना. पेत्रोने टीव्हीवरची चित्रं पाहिली, मशीन बंद केलं आणि मला म्हणाला, “विचार त्याला. घराच्या भिंती कशाच्या?”

“दगडमातीच्या.”

“आणि वर?”

“माळवद. लाकडं, त्याच्यावर माती. हातभर माती.”

पेत्रोने डोळे मिटले. मग हत्यारांची पेटी उघडून चामड्याचे हातमोजे, आखूड पहार आणि मशीन उचलायचा जॅक एका गोणीत भरला. शेठचा मुलगा म्हणाला, “पण आ जॅक तो मशीन साथे आव्यो छे.” पेत्रोने त्याच्याकडे पाहिलंही नाही. गोणी स्वतःच्या खांद्यावर घेऊन दिगंबरबरोबर स्टेशनपर्यंत चालत गेला. वाटेत माझ्याकडून त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावली: “वरचा दगड आधी. लोक खालचा ओढायला जातील. तू वरचाच आधी उचल.”

दिगंबर दिवाळीनंतर परतला. गाल बसलेले, नखं काळी. त्याची आई गेली होती. तो पोचायच्या आत सैनिकांनी पडक्या घरांचीच लाकडं रचून सगळ्यांना एकत्र अग्नी दिला होता. मुक्ता मात्र मेलेल्यांच्या यादीत नव्हती आणि जखमींच्याही नव्हती. झोपायच्या खोलीचा ढीग उपसला, तिथे सापडली नाही. कुणी म्हणालं, एक बेशुद्ध बाई सोलापूरला नेली. तो सोलापूरचे दवाखाने फिरला, लातूरचे फिरला. मग सरकारने गाव उठवून पत्र्याच्या शेडमध्ये नेलं आणि जुन्या गावात जायला लोक घाबरायला लागले.

खोलीतले त्याला म्हणायचे, “दिगू, दिवस घाल आता तिचे. किती दिवस असं करणार?”

“बघितल्याबिगर कसं घालू? उद्या आली म्हंजे?”

दुसऱ्या एकाने, चांगल्या मनानेच असेल, पण सुचवलं की तरुण बाई होती, कुणाबरोबर गेलीही असेल. त्या दिवशी दोघांना सोडवायला पोलीस आले. तेव्हापासून दिगंबर लूमच्या शेडमध्येच कापडाच्या ताग्यांवर झोपायला लागला. नवी खोली बघायचं त्याने बंद केलं, आणि गावी जायचंही.

जानेवारीत पेत्रोने लूमच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्या निवडल्या. त्याच्याच देशातलं लाकूड. जेवणाच्या सुट्टीत बसून तो चकत्या कापायचा, मधोमध भोक पाडायचा. मला म्हणाला, “दिगंबरसाठी. माणूस लांब असलं की त्याच्या नावाची टाकतात. त्याला कळावं, आपण आठवण काढतोय.”

सूर्य बुडायच्या सुमाराला आम्ही तिघे पुन्हा सोनगडवर होतो. उघड्या खडकावर पेत्रोने आग केली. पहिली चकती त्याने माझ्या आईच्या नावाने टाकली, “यासोदा.” लाल ठिपका गरगरत खाली गेला आणि दगडांत विझला. दुसरी वडिलांच्या नावाने, आणि त्यांना ऐकू यावं म्हणून दुप्पट ओरडून. दिगंबरसुद्धा हसला. कित्येक महिन्यांनी मी त्याला हसताना पाहिलं.

तिसऱ्या चकतीला पेत्रोने हाक मारली, “मुक्ता.”

चकती हवेत असतानाच दिगंबर उठला. त्याने पेत्रोला दोन्ही हातांनी ढकललं. म्हातारा खडकावर गुडघ्यावर पडला.

“अग्नी दिलास तिला? कोण रे तू? नवरा मी हाव तिचा. मी दिला नाही अजून, आन तू दिलास?”

पेत्रो माझ्याकडे बघत होता. त्याला काय झालं तेच कळेना. मी त्याला सांगितलं की आमच्यात नाव घेऊन आग कुणासाठी देतात. त्याला समजलं. उठायचा प्रयत्न सोडून तो तिथेच बसला. गुडघ्यातून रक्त येत होतं.

“मी ती जिवंत आहे म्हणून टाकली,” तो म्हणाला. “मेलेल्यांसाठी आम्ही टाकत नाही. बायको गेल्यावर मी एकही टाकली नाही.”

मी दिगंबरला हे सांगितलं. तो आगीकडे पाठ करून उभा होता.

“जिती असती तर इतक्या महिन्यांत आली नसती का?” तो म्हणाला. हे त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आलं.

मग पेत्रोने विचारलं, “घर सगळं उपसलं का?”

“झोपायची खोली उपसली.”

“गुरं कुठे बांधता?”

“घरातच. दारातून आत आलं की डाव्या अंगाला.” दिगंबर थांबला. “वासरू होतं. नवंच.”

पेत्रो मला म्हणाला, “नीट सांग त्याला. आमच्याकडे धरणी हलली तेव्हा बायका दाराकडे पळाल्या नाहीत. आधी गोठ्यात गेल्या. गाय बांधलेली असते, तिला पळता येत नाही. माझी बायको गोठ्यात सापडली.”

मी नीट सांगितलं.

फेब्रुवारीत पेत्रोचं काम उरकत आलं होतं. शेवटचे काही लूम तसेच ठेवून त्याने शेठना सांगितलं, मी चाललो. शेठ म्हणाले, “पण आ मशीन कोण चालू करशे?” पेत्रोने माझ्याकडे बोट दाखवलं. “हा करेल. परत आल्यावर.” तोवर मला कुणी लूमला हात लावू दिला नव्हता.

दिगंबरच्या जुन्या गावात कुत्री आणि आम्ही तिघे. पत्र्याच्या शेडमधल्या लोकांना गोऱ्या माणसाचं नवल उरलं नव्हतं. त्यांनी आम्हाला ब्लँकेटं कधी येणार ते विचारलं. दिगंबरच्या घराच्या जागी दगडांचा उंचवटा होता, त्याच्यावर गवत वाळलेलं. दिगंबर त्याच्यासमोर नुसता उभा राहिला. पेत्रोने वरचा दगड उचलला, चालत गेला आणि बाजूला खाली ठेवला. मग दुसरा. मी एक दगड उचलून लांब फेकला तर तो खेकसला. फेकायचा नाही, रचायचा. हे कुणाचं तरी घर आहे. थोड्या वेळाने दिगंबर पुढे झाला. संध्याकाळपर्यंत एका बाजूला कमरेएवढी सरळ भिंत उभी राहिली होती. दुसऱ्या दिवशी पेत्रोचा गुडघा सुजला, तरी तो आमच्या पुढेच होता.

आधी वासरू लागलं. मग ती. हात दाव्यावर होता. दिगंबरने जोडव्यांवरून ओळखलं.

घराच्या तुळयांपैकी दोन-तीन धड होत्या. त्या आम्ही त्याच्या शेताच्या बांधावर नेल्या. शेडमधून पाच-सहा माणसं आली. पेत्रो लांब, बाभळीपाशी उभा होता. त्याने मला हाताने बोलावून विचारलं, जवळ आलं तर चालेल का? मी दिगंबरला विचारलं.

“चालंल का काय?” दिगंबर म्हणाला. “म्हणावं, घरातल्यासारखं हितं उभं ऱ्हावा.”

तो येऊन दिगंबरच्या डाव्या बाजूला उभा राहिला. आग खाली बसेपर्यंत दोघं तिथून हलले नाहीत. अंधार पडल्यावर, परतताना, त्याने मला सांगितलं की मुंबईहून तो या वेळी कुठल्या दुसऱ्या देशात जाणार नाही, गावी जाणार आहे.

लातूरच्या एसटी स्टँडवर आम्ही त्याला मुंबईच्या गाडीत बसवलं. त्याच्या तळहातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, त्याला दांडी धरता येईना. दिगंबरने त्याला कमरेला धरून पायरीवर चढवलं. कंडक्टर म्हणाला, “बाबांना पुढं बसवा, मागं धक्के लई बसतेत.” गाडी सुरू व्हायच्या आधीच खिडकीशी त्याची मान कलली होती. तोंड थोडं उघडं, झोप लागलेली. मी त्याला पुन्हा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिगंबर तलाठ्याकडे गेला. त्या गावाच्या बेपत्ता माणसांच्या यादीतून मुक्ताचं नाव खोडलं गेलं.